डेअरीचा टाइम

"मॅडम, तुम्ही राउटरच्या जवळच बसून आहात ना?"

"टेंभुर्णे, आता त्याला मांडीवर घ्यायचं तेवढं बाकी आहे."

"मग बंद करा, थोडं थांबा, अन् चालू करा."

"कालपासून मी दुसरं काय करतेय?"

"हो ना, मी पाहून राहिलो इकडून. अजून एक डाव करून पाहा बरं."

मी राउटर बंद केला, थांबले, चालू केला. हिरवे दिवे एकेक करून लागले. इंटरनेट आलं. ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायला गेले आणि पडद्यावर कालचीच लाल ओळ उमटली. तुमची ओळख पटली नाही, पुन्हा प्रयत्न करा. पाच वर्षं ज्या कंपनीत मान मोडून काम केलं, तिला अचानक माझी ओळख पटेनाशी झाली होती.

ही गोष्ट सात-आठ वर्षांपूर्वीची. मी गडहिंग्लजच्या पुढे आमच्या गावी, घरातल्या मागच्या खोलीत बसलेली, आणि टेंभुर्णे नागपुरात, कंपनीच्या मदतकक्षात. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. पण दोन दिवसांत त्यांचा घसा कधी बसतो आणि चहा कधी येतो, हे मला ठाऊक झालं होतं. माझ्या घरात कुकरच्या किती शिट्ट्या होतात, हे त्यांनाही कळलं असणार.

माझं काम म्हणजे आजारपणाच्या विम्याचे क्लेम तपासायचे. लोकांच्या ऑपरेशनची आणि औषधांची माहिती कंपनीच्या आतच ठेवायची असते, त्यामुळे घरून काम करायचं तर व्हीपीएनमधून जावं लागतं. व्हीपीएन म्हणजे घरापासून ऑफिसपर्यंतचा खासगी बोगदा. त्याच्या तोंडाशी आधी पासवर्ड सांगायचा, मग मोबाइलवर दर अर्ध्या मिनिटाला बदलणारा सहा आकडी कोड टाकायचा. मी हे आप्पांना पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "म्हंजे दूध घालताना सभासद नंबर सांगत्यात, तसं." मी म्हटलं, अगदी तसंच. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. उन्हाळ्यात गोठ्यात घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळ-संध्याकाळ चालवा, पण एकट्याला सोडू नका. आई जाऊन चार वर्षं झालेली, मी एकुलती एक. आप्पांना पुण्याला आणून पाहिलं, तर लिफ्ट, बंद दारं आणि पिशवीतलं दूध या तिन्हींना कंटाळून ते आठवड्याच्या आत गावी परत आले. मग मीच सबनीस मॅडमच्या हातापाया पडून गावाहून काम करायची परवानगी मिळवली. सबनीस मॅडम माझ्या साहेब. त्यांचा खेड्यातल्या इंटरनेटवर काडीचाही विश्वास नव्हता, आणि नेमका आता त्यांच्या अविश्वासाला पुरावा मिळाला होता.

त्या शुक्रवारी सकाळीच त्यांचा फोन आला. "वृषाली, काल दिवसभर तुझं काम बंद होतं. आज पाचपर्यंत लागलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून ऑफिसला ये. आणि मग ती गावाची परवानगी विसर."

हे मी आप्पांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, ते मला माहीत होतं. माझी बॅग स्वतः माळ्यावरून काढली असती. कारण मी आल्यापासून त्यांचं रोज एकच पालुपद.

"कशाला अडकून पडलीस हितं? जा की पुण्याला. मी काय बारकं पोरगं हाय?"

"न्हाई जात."

"लोक काय म्हणतील? शिकलेली पोरगी, गोठ्याशेजारी बसून कॉम्प्युटर बडवत्या."

"म्हणू देत. मी न्हाई जात."

हे रोज, कधी दिवसातून दोनदा. खरं सांगते, मला कधीकधी वाईट वाटायचं. आपण एवढा जीव टाकून इथे आलो आणि या माणसाला आपली अडचणच होतेय की काय, असं मनात यायचं.

त्या दिवशी आप्पा काठी टेकत खोलीच्या दारात आले. "लागलं काय गं?"

"न्हाई अजून."

"कोण बोलतोय त्यो?"

"नागपूरचे आहेत. ऑफिसचे. नेट दुरुस्त करताहेत."

आप्पांनी फोनकडे संशयाने पाहिलं. "नागपुरात बसून आमच्या घरातलं नेट? खांबावर चढाय नको कुणी?"

फोन स्पीकरवर होता. टेंभुर्णे हसले. "काका, नमस्कार. तब्येत काय म्हणते?"

"बरी हाय. जेवलासा?"

"कुठचं काका! तुमच्या मुलीनं सकाळपासून उठू दिलं नाही."

"मग उठा, जेवा की. नेट कुठं पळून जातंय? ते आधीच गेलंय."

आप्पा खाटेवर टेकले. टेंभुर्णेंनी मला मोबाइलच्या इंटरनेटवरून जोडून पाहायला सांगितलं. मी जोडलं. इंटरनेट आलं, पण लाल ओळही आली. पासवर्ड बदलून दिला. पुन्हा लाल ओळ. व्हीपीएनचं सॉफ्टवेअर काढून नव्यानं टाकलं, त्यात जेवणाची वेळ टळून गेली, आणि नव्या सॉफ्टवेअरनेही मला ओळखायला तितक्याच ठामपणे नकार दिला.

"मॅडम, राग येऊ देऊ नका," टेंभुर्णे म्हणाले, "पण मले वाटते, तुमच्या गावाच्या लाइनीतच काही तरी आहे."

खाटेवरून आवाज आला. "ओ पावनं, गावाला नाव ठिवायचं काम न्हाई! आमच्या डेअरीत दुधाचं फॅटसुद्धा कॉम्प्युटरवर लागतंय. कधी बंद न्हाई पडलं."

"नाही काका, मी तसं नाही म्हटलं."

"आमच्या गावाची लाइन सरळ हाय. तुमच्या नागपुरात कुठं गाठ बसली असंल, ती बघा."

मी आप्पांना डोळ्यांनी दटावलं. ते उठून बाहेर गेले, पण जाताना दारातून पुटपुटलेच, "एवढं त्रासाचं हाय तर जा की पुण्याला." या वेळी मी उत्तर दिलं नाही. 

टेंभुर्णेंच्या ते लक्षात आलं असावं. म्हणाले, "मॅडम, मी जरा आमच्या सीनियरले विचारतो अन् बरोबर साडेतीनले फोन करतो. तोवर तुम्ही दोन घास खाऊन घ्या. असं उपाशी बसून व्हीपीएन लागत नसते."

मी स्वयंपाकघरात गेले. भाकरी ताटातच राहिली. सोमवारी गेले तर आप्पांना फिरायला कोण नेणार? आत्या कागलला, तिचेच गुडघे गेलेले. शेजारच्या हौसाकाकी चार दिवस बघतील, पुढे? आप्पा हट्टाने एकटेच चालायला निघतील आणि पुन्हा पडतील. डोळ्यांसमोर गोठ्याची ती ओली फरशी यायला लागली. मी मदतीला कुणाकुणाला ठेवता येईल याचा विचार करून पाहिला आणि प्रत्येक नावापाशी आप्पा त्याला आठ दिवसांत कसं पळवून लावतील, तेही मला दिसलं.

मी पुन्हा लॅपटॉपसमोर येऊन बसले. मोबाइलमध्ये साडेतीन झाले. फोन नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. माझा जीव टांगणीला लागलेला, आणि हे गृहस्थ बहुधा नागपुरात वामकुक्षी करत होते. पावणेचारला फोन वाजला.

"टेंभुर्णे, तुम्ही साडेतीन म्हणाला होता!"

"हो ना. म्हणूनच केला."

"पावणेचार झालेत. मला पाचची मुदत आहे, तुम्हाला सांगितलंय मी. इकडे मी फोनकडे डोळे लावून बसलेय आणि तुम्ही आरामात..."

"मॅडम, मॅडम. साडेतीनच झाले आहेत. मी घड्याळाकडे पाहूनच फोन लावला."

"माझ्यासमोर मोबाइल आहे. पावणेचार."

"नागपूरचं घड्याळ काही वेगळं नसते मॅडम."

"मोबाइल राहू दे, इथे भिंतीवरच्या घड्याळातसुद्धा पावणेचारच झालेत!" असं मी तावातावाने म्हणाले आणि तिथेच थांबले.

आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ कधीही बरोबर वेळ दाखवत नाही. आप्पा तीस वर्षं गावच्या दूध डेअरीचे सचिव होते. टँकर यायच्या आधी सगळ्यांचं दूध पोचावं, म्हणून त्यांनी डेअरीतलं घड्याळ पाव तास पुढे लावून ठेवलेलं. गावात त्याला डेअरीचा टाइम म्हणतात. लग्नाचा मुहूर्त आणि दहावीची परीक्षा सोडली तर गावात सगळं डेअरीच्या टाइमवर चालतं, आणि आमच्या घरात तर तोच. लहानपणापासून मी घड्याळाकडे बघते आणि मनातल्या मनात पाव तास वजा करते. घरात येणारा प्रत्येकजण तेच करतो. त्यामुळे घड्याळ पुढे ठेवून कुणीही कधीही लवकर निघालेलं नाही. पण आप्पांची श्रद्धा अढळ आहे.

खरी वेळ हवी असली की मी मोबाइल बघायची. आणि आता मोबाइल आणि भिंत दोघंही पावणेचार म्हणत होते. आमच्या घरात दोन घड्याळांचं असं एकमत आजवर कधी झालं नव्हतं. मी लॅपटॉपच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे साडेतीन वाजून गेले होते, नुकतेच.

"टेंभुर्णे," मी म्हटलं, "माझा मोबाइल पाव तास पुढे आहे."

 पलीकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"अरे देवा! मॅडम, तो कोड मोबाइलच्या घड्याळावरूनच तयार होत असते. इकडे आपला दरवाजा आत्ताचा कोड मागून राहिला अन् तुम्ही त्याले पाव तासानंतरचा देऊन राहिल्या. तो कसा उघडन? अन् मी दोन दिवस राउटरच्या मागं लागलो! सेटिंगमध्ये जा, वेळ आपोआप घ्यायची, ते चालू करा."

मी केलं. मोबाइलने झटकन पाव तास मागे उडी घेतली. नवा कोड आला. तो मी एकेक आकडा म्हणत टाकला. पडद्यावर छोटंसं चक्र फिरलं, फिरत राहिलं, आणि हिरवी खूण आली.

"लागलं!" मी एवढ्या जोरात ओरडले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"पण मॅडम," टेंभुर्णे म्हणाले, "मोबाइलचं घड्याळ असं आपोआप पुढं जात नसते. कोणी तरी केलं असन."

मला विचार करायची गरज पडली नाही.

"आप्पा!"

आप्पा दारात आले. माझा चेहरा पाहून काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले, पंचायतीसमोर उभं केल्यासारखे.

"माझ्या फोनचं घड्याळ तुम्ही हलवलं?"

"हलवलं न्हाई. डेअरीच्या टाइमला लावलं."

"कधी?"

"परवा सांजचं. आत्याला फोन लावाय दिला हुतास न्हवं, तवा."

"पण का?"

आप्पांनी आधी फोनकडे पाहिलं. परक्या माणसासमोर बोलावं की नाही, असा प्रश्न पडला असावा. मग बोलले. "तुझा गजर सांजच्या सहाला वाजतोय, मला फिराय न्यायचा. तू म्हणतीस, आलो आप्पा, पाच मिंटं. तुझ्या पाच मिंटांत आमच्या डेअरीचा आख्खा टँकर भरून निघून जातोय. मी टोपी घालून पायरीवर बसलेलाच. आपण डेअरीवर पोचतोय तवर समदी दूध घालून घरला गेलेली. मग मी बोलू कुणाशी? रिकाम्या घागरीशी?"

गावी आले की मीही सगळ्या पोरींसारखी 'आलो, गेलो' म्हणते, ते खरं. पाच मिनिटं म्हणते, तेही खरं. परवा संध्याकाळी गजर वाजला, मी नेहमीसारखी कामावरून उशिरा उठले, तरी आम्ही कसे कोण जाणे वेळेत पोचलो होतो. आप्पा डेअरीच्या कट्ट्यावर मित्रांमध्ये बसून पोटभर बोलले होते. मला वाटलं होतं, त्यांचा पाय सुधारला, चालायचा वेग वाढला.

"मला सांगायचं की आप्पा. मी उठलो असतो."

"तू काम करतीस. पोटापाण्याचं काम. त्यातनं ऊठ म्हणून कसं सांगायचं?"

माझा राग कुठल्या कुठे गेला.  फोनमधून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"मॅडम, मी अजून लाइनवरच आहे. ही तक्रार बंद करायची, तर कारण काय लिहू?"

"लिहा, मोबाइलची वेळ चुकली होती."

"चुकली न्हवती," आप्पा म्हणाले. "पुढं हुती."

"काका, मी पुढं होती असंच लिहितो," टेंभुर्णे म्हणाले. "आता मी जेवतो. अन् मॅडम, संध्याकाळी काकांना वेळेवर न्या बरं." त्यांनी फोन ठेवला. मला त्यांचे नीट आभारही मानता आले नाहीत.

मी लगेच सबनीस मॅडमना फोन केला. आप्पा खोलीतून गेलेत, असं मला वाटलं होतं.

"मॅडम, लागलं. साध्या कारणानं अडलं होतं. सोमवारी पुण्याला यायची आता गरज नाही ना?"

"नाही, मग राहा तिकडेच," त्या म्हणाल्या. "पण कालचे आणि आजचे सगळे क्लेम मला आज हवेत."

"देते. फक्त सहा ते साडेसात मी नसेन. आजच नाही, रोजच. तेवढा वेळ नंतर भरून काढीन."

"का? तेव्हा वीज जाते का तिकडे?"

"नाही मॅडम. वडिलांना घेऊन जायचं असतं."

 त्या म्हणाल्या, "ठीक आहे. पण काम राहता कामा नये." मी सुटकेचा श्वास सोडून मागे वळले, तर आप्पा दाराच्या चौकटीला धरून उभे होते.  ते वळून बाहेरच्या सोप्यात गेले.

त्या संध्याकाळी गजर वाजला आणि मी लॅपटॉप मिटून उठले. पाच मिनिटं म्हणाले नाही. आप्पा टोपी घालून तयारच होते. आम्ही निघालो. एरवी रस्ताभर याची म्हैस, त्याचा बांध, असं बोलत चालणारा माणूस त्या दिवशी खाली बघत चालला होता. माझ्या कोपराला धरलेला त्यांचा हात मात्र रोजच्यापेक्षा घट्ट होता. ओढ्यावरच्या मोरीपाशी आम्ही विसाव्याला थांबतो. तिथे कठड्यावर बसल्यावर त्यांनी विचारलं.

"सोमवारी जाणार हुतीस?"

"नेट लागलं नसतं तर जावं लागलं असतं."

"कायमचं?"

"व्हय. परवानगी गेली असती."

"आणि मला बोलली न्हाईस."

"तुम्ही म्हणाला असता, जा की मग. रोज तेच म्हणता."

आप्पांनी काठीने मातीत एक रेघ ओढली आणि पुसली. डेअरीकडे दुधाच्या किटल्या घेऊन चाललेल्या दोघांनी त्यांना हात केला. त्यांनी नुसती मान हलवली.

"माझ्यामुळं गेली असतीस," ते म्हणाले. "मीच घड्याळ फिरवलं आणि मीच पोरगीला घालवली असती."

"पण गेलो न्हाई ना. आणि आप्पा, मी इथं असलेलं तुम्हाला नको असेल, तर एकदा नीट सांगा. मला रोज ऐकून वाईट वाटतंय."

 मी एवढं उघड कधी बोलले नव्हते.

"नको?" आप्पा म्हणाले. "अगं खुळे, मी जा म्हणतोय, मग तू म्हणतीस, न्हाई जात. ते ऐकाय बरं वाटतंय. म्हणून म्हणतोय."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. एवढे दिवस मी ज्या वाक्यावर मनातल्या मनात कुढत होते, ते फक्त माझ्या उत्तरासाठी होतं. मी पदर नसलेल्या ड्रेसच्या बाहीनेच डोळे पुसले आणि त्यांना उठायला हात दिला.

"मग म्हणा की आज. दुपारी म्हणाला, तेव्हा माझं उत्तर द्यायचं राहिलंय."

आप्पांनी हात धरला, पण उठले नाहीत.

"आज नको," ते म्हणाले. "आज म्हटलं आणि तू खरंच गेलीस तर?"